एकशेवीस तासांची उमेदवारी

ही गोष्ट दोन हजार पंचवीस सालची. त्या साली दिवाळी ऑक्टोबरातच उरकली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं आणि सोनपेठात नगरपरिषदेची निवडणूक लागली. पण कमलबाईंना विचाराल तर त्या एवढंच सांगतील की ते साल पंकजाच्या ओजेटीचं होतं, आणि मग पदराने चष्मा पुसत दुसरा विषय काढतील.

पंकजा ही त्यांच्या धाकट्या भावाची शेंडेफळ. राहणार पिंगळी, शिकणार परभणीच्या एका कॉलेजात, बी.ए.चं तिसरं वर्ष, विषय मराठी. भाऊबीजेला रामप्रसाद बहिणीकडे आला तेव्हा ती बरोबर होती. कमलबाईंनी भावाला ओवाळून ताट खाली ठेवलं नाही तोच पोरीने डोळ्यांना पाणी लावलं.

"आत्या, एकशेवीस तास भरले नाहीत तर निकाल राखून ठेवतेत."

"कसले तास गं?"

"ओजेटीचे. म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. बाहेर कुठं तरी जाऊन आपल्या विषयाचं काम शिकायचं. रोज नोंदवहीवर सही, शेवटी सर्टिफिकेट. एकवीस नोव्हेंबरला पाच वाजेपर्यंत पोर्टलवर टाकायचं. परभणीतल्या सगळ्या जागा वशिल्याच्या पोरांनी धरल्या. निकाल अडकला की एम.ए. अडकलं. एम.ए. अडकलं की बाबा म्हणणार, बस घरी."

रामप्रसाद करंजी खात होता. त्याने मान डोलावून दुसरी उचलली.

"अगं, मग असं सांग ना, उमेदवारी करायची आहे!" कमलबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी रडतेस? मी लावते. बॅग घेऊन ये."

आता या शब्दाची हकीकत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच झालं. निजामाच्या राज्यात शिकून बसलेला पोरगा कचेरीत बिनपगारी लावत असत. त्याने दौती भरायच्या, कागदावर रूळ आखायचे, जुन्या फायली धुळीतून काढून धुळीत ठेवायच्या आणि पुढेमागे जागा निघेल या आशेवर राहायचं. अशा पोराला उमेदवार म्हणत आणि त्या राबण्याला उमेदवारी. कमलबाईंचे वडील जिंतूरच्या तहसिलीत तीन वर्षं उमेदवार होते. त्यामुळे हा शब्द त्या घरात फार अदबीने घेतला जाई. तो शब्द मधल्या काळात घर सोडून कुठे नांदायला गेला, याची चौकशी कमलबाईंनी केली नव्हती. चौतीस वर्षं शिक्षिका, त्यातली शेवटची चार झरीला हेडबाई. शब्दांची चौकशी इतरांनी त्यांच्याकडे करायची, असा आजवरचा रिवाज होता.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीला घेऊन निघाल्या. बँकेत साहेब म्हणाले, "मराठीची मुलगी? आमच्याकडे सगळं इंग्रजीत असतं." वाचनालय दुपारी चार ते सहा उघडं. तिथे एकशेवीस तास भरायचे तर साठ दिवस लागले असते. वर्तमानपत्राच्या वार्ताहराने "या की कार्यालयात" असं तोंड भरून म्हटलं. कार्यालय म्हणजे त्याच्या मोटारसायकलची डिकी निघाली.

घरी आल्यावर शेजारच्या मालनबाईंनी भिंतीवरून सल्ला दिला. मालनबाई या मागल्या वेळचे नगरसेवक भागवतभाऊ यांच्या मातोश्री. त्यांच्याकडे सल्ला कधी संपला, असं झालेलं नाही.

"कामून फिरायलाव उन्हात, बाई? सर्टिफिकिट मिळतंय की. भागवतचा कॉम्प्युटर क्लास हाय. तिथं सही शिक्का एका घडीत. कोण बघायलंय बसलं का न्हाई ते?"

कमलबाईंचा चेहरा असा झाला की मालनबाईंनी मान खाली घालून तांदूळ निवडायला घेतले. चौतीस वर्षांत कमलबाईंनी गैरहजर पोरापुढे हजर लिहिलं नव्हतं. केंद्रप्रमुख दारात उभे असतानासुद्धा नाही. भाचीचे एकशेवीस तास म्हणजे एकशेवीस तासच भरतील, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. पंकजाला मालनबाईंचा सल्ला पटला होता. पण आत्यापुढे बोलायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

शेवटी त्यांना आप्पाराव आठवले.

तहसिलीसमोरच्या कडुलिंबाखाली एक टेबल, एक टाइपरायटर आणि एक स्टूल. आप्पाराव अर्जनवीस. खेड्यावरचे लोक येतात, वारसाची नोंद, रेशनकार्ड, बंद पडलेला बोअर, जे काही दुखत असेल ते सांगतात, आणि आप्पाराव त्याचा अर्ज करून देतात. आजोबांना निजाम सरकारचा परवाना होता. तो परवाना आजही त्यांच्या ट्रंकेत आहे आणि कोणी मागितला नाही तरी दाखवला जातो.

"बाई, मराठीचा याहून पुख्ता कारखाना अख्ख्या तालुक्यात नाही," आप्पाराव म्हणाले. "बसू द्या पोरीला."

कॉलेजचा फॉर्म मात्र चार पानी होता. आस्थापनेचे नाव. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. एकूण कर्मचारी.

"लिहा, कर्मचारी एक," आप्पाराव म्हणाले. "तोही गुडघ्याने अधू."

सोबत आस्थापनेचं पत्र लागत होतं. ते कमलबाईंनी स्वतः सांगितलं आणि आप्पारावांनी टाइप केलं : 'कु. पंकजा रामप्रसाद यांनी सोमवारपासून आमच्याकडे उमेदवारी करण्यास आमची पूर्ण संमती आहे.' खाली सही, शिक्का. पंकजाने ते झेरॉक्सला नेलं. झेरॉक्सवाल्याने ते दोनदा वाचलं, दोन प्रती तिला दिल्या आणि तिसरी स्वतःसाठी काढली.

संध्याकाळी मालनबाई भिंतीशी हजर.

"बाई, खरं का? पोरगी उमेदवारी करायलीय म्हणं?"

"हो. सोमवारपासून."

"आन कोणाकडून?"

"आप्पारावांकडून."

"आप्पाराव?" मालनबाई चमकल्या. "त्येच्या मागं काय हाय?"

"मागे काय असायचं? लिंबाचं झाड आहे. पण माणूस अनुभवी."

"जमल का पोरीला?"

"न जमायला काय झालं? माझे वडील तीन वर्षं उमेदवार होते."

"आन मग?"

"मग कायम झाले."

"बिनविरोध?"

"विरोध कोण करणार? खुद्द तहसीलदारांनी केलं."

मालनबाई निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकाच सुपात ओतून आत गेल्या. त्यांचंही बरोबर होतं. यंदा प्रभाग महिलेसाठी सुटला होता. भागवतभाऊंनी बायकोला, राजेश्रीला, उभं करायचं ठरवलं होतं आणि महिनाभर घरोघर चहा पिऊन बाकीच्या इच्छुकांना बसवलं होतं. ते निर्धास्त होते. त्यात भिंतीपलीकडे एक उमेदवार निघाला.

इकडे लिंबाखाली पंकजाचे तास सुरू झाले. रोज सात. पहिला अर्ज आला तो बंद बोअरचा. पंकजाने दीड पान लिहिलं. तहानेने व्याकूळ वस्ती, सुकलेले ओठ, आटलेली माया. आप्पारावांनी लाल पेन्सिल काढली.

"व्याकूळ कशाला, पोरी? बोअर कोणता, बंद कधीपासून, एवढं सांग. साहेबाला तिसऱ्या ओळीत कळलं पाहिजे की काय द्यायचंय. आणि हा माणूस बोअरचं सांगत होता की मोटारीचं?"

पंकजाने परत विचारलं. मोटारीचं होतं. बोअरला पाणी चांगलं होतं.

आठवड्याभरात तिचा हात बसला आणि लिंबाखाली गर्दी वाढली. कमलबाई दुपारी डबा घेऊन जात तेव्हा त्यांना भरून येई. बायाबापड्या पोरीला नमस्कार करत होत्या. एकीने नारळ दिला. "उमेदवार असून सोताच्या हातानं अर्ज लिव्हायलीय," असं एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता. गावाला अजून शिकाऊ माणसाची किंमत आहे, असं कमलबाईंना वाटलं. एक बाई तर त्यांचा हात धरून म्हणाली, "बाई, काळजी करू नका. आमच्या गल्लीचं मत पोरीलाच."

"मत चांगलं आहे ते ठीक," कमलबाई म्हणाल्या, "पण तिच्यासमोर बोलू नका. चढेल."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. हुशार माणसं राजकारणात अशीच बोलत असतील, असं तिने धरून घेतलं असावं.

दहा दिवस झाले, सत्तर तास भरले. अकराव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, निवडणुकीचे अर्ज भरायची खिडकी उघडली आणि त्याच सकाळी लिंबाला एक फ्लेक्स लागलेला दिसला. पंकजाचा टाइपरायटरवर वाकलेला फोटो आणि खाली हातभर अक्षरं : 'भावी नगरसेविका कु. पंकजाताई. शुभेच्छुक : मित्रमंडळ.' कोणतं मित्रमंडळ, ते पंकजाला माहीत नव्हतं. मित्रमंडळालाही पंकजा माहीत नसावी.

अर्ध्या तासात हवालदार आला. आचारसंहिता आहे, उमेदवाराला कचेरीसमोर दुकान मांडता येणार नाही, टेबल उचला. आप्पाराव म्हणाले, "हे टेबल साठ वर्षं इथे आहे." हवालदार म्हणाला, "टेबलाचं काही न्हाई, काका. उमेदवाराचं हाय."

टेबल उचललं जात असतानाच कॉलेजातून महारुद्र सरांचा फोन आला. ओजेटीचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. एकशे चाळीस मुलं आणि एकच पोर्टल, त्यामुळे ते दोन महिन्यांपासून घाबरलेल्या आवाजातच बोलत. फ्लेक्सचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"पंकजा, हे काय गं? ओजेटीच्या नावाखाली प्रचार? माझी नोकरी घालवतेस का? तुझे तास मी थांबवलेत. तू उमेदवार नाहीस असं सक्षम प्राधिकाऱ्याकडून लेखी आण, मग बघू."

दोघी घरी पोचतात तो ओट्यावर भागवतभाऊ बसलेले, हातात पेढ्यांचा पुडा. ते कमलबाईंचे चौथीतले विद्यार्थी. त्यामुळे आधी पाया पडले, मग मुद्द्यावर आले.

"बाई, तुमी मला शिकवलंत. आन तुमीच माझ्या मुळावर उठलाव? माघार घ्या. काय पाहिजे ते सांगा."

"कसली माघार? अरे, ती उमेदवारी शिकतेय! काम शिकतेय! जुन्या काळी…"

आणि मग कमलबाईंना एकाएकी कळलं. नारळ कळला, मत कळलं, बिनविरोध कळलं. त्या खाली बसल्या. चौतीस वर्षं मराठी शिकवून एका शब्दाने त्यांना भर चौकात तोंडावर पाडलं होतं.

"अरे, तिचं वय वीस," त्या कशाबशा म्हणाल्या. "एकवीस लागतात. ती उभी राहूच शकत नाही."

भागवतभाऊंनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हंजे तुमी उभ्या राहायलाव!"

अर्धा प्रभाग बाईंच्या हाताखालून गेलेला. पोरगी पुढे करून बाईंनी हवा केली आणि आता स्वतः अर्ज भरणार, हे त्यांना लख्ख दिसलं. कमलबाईंनी देवाची शपथ घेतली, तर "असंच म्हणतेत समदे" म्हणाले. शेवटी पुडा पुढे सरकवून हळूच बोलले, "पोरीचे किती तास अडलेत? पन्नास? माझ्या क्लासचं सर्टिफिकिट देतो. एकशेवीस कशाला, दोनशे लिवतो. आजच."

पंकजाने आत्याकडे पाहिलं. एक होकार, आणि अडकलेलं एम.ए. सुटलं. तिच्या घशाशी "घ्या ना" आलं होतं. कमलबाईंनाही ते ऐकू आलं, कारण त्यांच्याही घशाशी तेच होतं. पोरीचं वर्ष आपल्या तोंडाने घालवलं, आता निदान या मार्गाने तरी वाचवावं. त्यांनी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं.

"पुडा उचल, भागवत," कमलबाई म्हणाल्या. आवाज हेडबाईचा होता.

पुढचे दोन दिवस खिडकीपुढे गेले. उमेदवार नसल्याचा दाखला मागणारं माणूस खिडकीतल्या बाबूने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"असा नमुनाच नाही, मॅडम. माघार घ्यायची तर फॉर्म आहे."

"मग तो द्या."

"पण त्याला आधी उमेदवारी अर्ज भरलेला पाहिजे."

"तो भरायला वय नाही."

"मग तुम्ही उमेदवार नाहीच."

"तेच लिहून द्या."

"तसा नमुना नाही."

बुधवारी दुपारी कमलबाई कचेरीच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसल्या. पंकजा आप्पारावांकडे गेली, कागद मागितला आणि उभ्या उभ्या तीन ओळी लिहिल्या : 'माझे वय वीस वर्षे आहे. मी या निवडणुकीत उमेदवार नाही व असू शकत नाही. याची नोंद घ्यावी.' तो कागद खिडकीत देऊन ती बाबूला म्हणाली, "दादा, दाखला नको. हा अर्ज फक्त आवकला घ्या आणि पोच द्या."

पोच द्यायला बाबूची हरकत नव्हती. आलेल्या कागदाला पोच दिलीच पाहिजे. गोल शिक्का पडला, नंबर पडला, तारीख पडली. महारुद्र सरांनी फोटो पाहिला. मजकूर वाचला की नाही कोण जाणे. शिक्का गोल होता. तास सुरू झाले.

लिंबाखाली परत बसता येत नव्हतं, म्हणून टेबल कमलबाईंच्या ओट्यावर आलं. लोक तिकडे येऊ लागले. कोणाच्या दारातली नाली, कोणाच्या म्हातारीचा निराधारचा पगार, कोणाची नळपट्टी. भिंतीपलीकडे मालनबाईंनी तांदळाची सूपं एकामागून एक निवडून संपवली, मग डाळ घेतली, मग निवडलेले तांदूळ पुन्हा. कान मात्र ओट्यावर.

अर्ज भरायची मुदत संपली. कमलबाईंनी अर्ज भरला नाही, हे भागवतभाऊंनी यादी तीनदा वाचून पटवून घेतलं. प्रभागात दोनच नावं होती, दोन्ही त्यांच्या घरातली. राजेश्रीचं, आणि छाननीत तिचा अर्ज उडालाच तर असावं म्हणून डमी भरलेलं आईचं. ते निवांत झाले.

गुरुवारी संध्याकाळी कमलबाईंनी नोंदवही मांडीवर घेतली. सतरा दिवस, रोज सात तास. सतरा साते एकशे एकोणीस. त्यांनी पुन्हा पाढा म्हटला. पाढा बदलला नाही.

"आत्या, एका तासाने काय होतंय? आप्पाराव काका सही करायला तयार आहेत."

"करायला तयार आहेत म्हणूनच नको," कमलबाई म्हणाल्या. "उद्या बस एक तास. आणि बसायचं म्हणजे काम करायचं. नुसतं बसलेलं मी धरणार नाही."

शुक्रवार. पाच वाजता पोर्टल बंद. आणि ओट्यावर चिटपाखरू नाही. तीनपर्यंत माघारीची मुदत, सगळा गाव तहसिलीपुढे तमाशा बघायला गेलेला. अकरा वाजले, बारा वाजले. कमलबाई रस्त्यावर येऊन दोन्हीकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या, कोणाचं तरी काही तरी अडावं, अशी देवाची करुणा भाकत होत्या. पंकजाने कागदाचे कोपरे दुमडून दुमडून पाच ताव फुकट घालवले.

साडेबाराला मागच्या दाराने दोघी आल्या. राजेश्री आणि मालनबाई.

"ह्यांनी सांगितलंय," राजेश्री सासूकडे मान करत म्हणाली, "आत्याबाईंचा डमी काढून घ्यायचा. ते परभणीला पत्रकं छापायला गेलेत. त्यो फॉर्म भरून दे बाई."

छापील नमुना होता. पंकजाने पेन उचललं, वर प्रभाग लिहिला, तारीख लिहिली. नावापाशी आली आणि थांबली. राजेश्री नवऱ्याने काय सांगितलंय ते बोलली होती. तिला स्वतःला काय हवंय ते अजून आलं नव्हतं.

"वहिनी, माघार कोणाची लिहू?"

राजेश्रीने नावाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मग सासूकडे न बघता म्हणाली, "मपली लिही. राजेश्रीची."

आप्पारावांनी चष्मा वर केला. कमलबाईंनी मागच्या दाराची कडी लावली.

"मला कोणी इचारलंच न्हाई," राजेश्री म्हणाली. "फोटो काढला, सही घेतली. भाषण पाठ करायला दिलं. मला रात्रीची झोप न्हाई, बाई. कारण ल्ह्या त्यात."

"माघारीला कारण लागत नाही," आप्पाराव म्हणाले. "तसा रकाना नाही."

"लागत न्हाई, पर मला लिवायचंय."

पंकजाने समासात लिहिलं : 'मला विचारलेले नव्हते.'

सगळ्यांनी मालनबाईंकडे पाहिलं. आता त्या बोंब ठोकणार.

"माझ्याकडं काय बघायलाव?" मालनबाई म्हणाल्या. "मला तरी कोणी इचारलं? पर आता इचारलं तर मी हाव म्हणीन. आठ दिस झालं ऐकायलेय. कोणाच्या दारात कोणती नाली तुंबली, ते भागवतपरीस मला जास्ती ठावं हाय."

मग प्रश्न असे आले की तास पुरेना. माघार घेतल्यावर पुन्हा उभं करतील का? सही कुठे? ओळखपत्र लागतं का? घरी काय सांगायचं? शेवटचा प्रश्न अर्जनवीसाच्या कक्षेत येत नाही, असं आप्पाराव म्हणाले, पण उत्तर सगळ्यांनी मिळून दिलं. घड्याळात दोनला दहा कमी होते तेव्हा कमलबाईंनी नोंदवही पुढे केली. आप्पारावांनी लिहिलं : 'एक अर्ज. एक तास वीस मिनिटे.' वरची वीस मिनिटं कमलबाईंनी खोडायला लावली. दोघी सासूसुना तहसिलीकडे गेल्या, आणि पाचला पाच मिनिटं असताना पोर्टलवर हिरवी खूण आली.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मालनबाई बिनविरोध निवडून आल्या. प्रत्येक बैठकीला जातात, आणि मुख्याधिकारी त्यांना येताना पाहून आधी नालीची फाइल काढतात. भागवतभाऊ महिनाभर कमलबाईंच्या ओट्याकडे न बघता जायचे. आता आईला मोटारसायकलवर बैठकीला नेऊन सोडतात आणि बाहेर उभे राहतात. त्यांच्या संपर्क कार्यालयात राजेश्रीने शिलाई मशीन टाकली. बोर्ड तोच ठेवला, कारण संपर्क आता जास्त होतो. महारुद्र सरांनी पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात 'पत्रात उमेदवारी हा शब्द वापरू नये' अशी ओळ घातली. का, ते परभणीत कोणालाच माहीत नाही. आप्पारावांचं टेबल लिंबाखाली परत गेलं आणि यंदा त्यांच्याकडे तीन विद्यार्थी आहेत. कर्मचारी अजून एकच. कमलबाईंनी जुना शब्दकोश काढून उशाशी ठेवलाय. रोज एक पान वाचतात आणि दर पानाला कोणावर तरी रागावतात.

पंकजा एम.ए.ला आहे. तिच्या सर्टिफिकेटावर 'संपादन केलेली कौशल्ये' असा रकाना होता. बाकीच्या मुलांच्या सर्टिफिकेटांवर तिथे नेतृत्व, संघभावना, संवादकौशल्य असं काय काय होतं. आप्पारावांनी तो रकाना तीन दिवस रिकामा ठेवला होता. मग टाइप केलं : 'आधी ऐकून घेते, मग लिहिते.'